राजाचा हातगुण

1954 सालचा जुलै संपत आला होता. दमणगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरात होता आणि तिथल्या पोर्तुगीज सत्तेची घटका भरली होती. 22 जुलैला दादरा मुक्त झाले, 28 जुलैला नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. नरोली आणि सिल्वासा यांना जोडणाऱ्या रस्त्यावर अथाल लागते. आज तिथे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. त्या काळी हा सारा मुलूख वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्यांचा होता. या मुक्तिमोहिमेत महाराष्ट्रातून गेलेल्या तरुणांमध्ये सुधीर फडके होते, तसेच बाबासाहेब पुरंदरेही होते.

त्याच आठवड्यात, 29 जुलैला, लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचा पहिला खंड वाचकांपुढे ठेवला.

या दोन घटनांचा आपसात काही संबंध नव्हता. पण त्यांच्याशी जोडलेली तीन माणसे पाहिली की एक धागा दिसतो. फडक्यांनी दुसऱ्याच वर्षी, 1 एप्रिल 1955 पासून, पुणे आकाशवाणीवरून गदिमांच्या गीतरामायणाला स्वर दिला आणि मराठी घराघरांत राम नेऊन पोहोचवला. पुरंदऱ्यांनी सारे आयुष्य शिवचरित्र सांगण्यात वेचले. टोल्किन या ऑक्सफर्डमधल्या प्राध्यापकाने अ‍ॅरागॉर्न नावाचा एक कल्पित राजा उभा केला. एक राजा पुराणातला, एक इतिहासातला, एक निव्वळ कल्पनेतला. तिघांच्याही गोष्टी ऐकताना श्रोत्याच्या मनात एकच प्रश्न येतो: साध्या माणसापाशी नसते अशी काही शक्ती या राजापाशी होती का? त्याला जादू येत होती का?

प्रश्न लहान मुलाच्या तोंडी शोभणारा आहे, म्हणून तो बाजूला सारू नये. वीर राजाला लेखक किती शक्ती देतो, ती कुठून आणतो आणि तिची किंमत कोणाकडून वसूल करतो, यावर सबंध गोष्टीचा तोल उभा असतो. शक्ती जास्त झाली तर पराक्रमाला अर्थ उरत नाही. अजिबात नसेल तर याच माणसाने सिंहासनावर का बसावे, याचे उत्तर गोष्टीला दुसरीकडे शोधावे लागते.

सुरुवात अ‍ॅरागॉर्नपासूनच करावी, कारण अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचकांत या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद त्याच्यावरून होतो. मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादामुळे तो आता मराठीतही आला आहे. कादंबरीत तो पहिल्यांदा भेटतो तो एका खाणावळीच्या कोपऱ्यात, चिखलाने माखलेल्या बुटांनिशी बसलेला भटक्या म्हणून. वय 87, पण दिसायला तरणा. कारण त्याच्या घराण्यात माणसे दीर्घायुषी असतात. कमरेला मोडकी तलवार. शेकडो वर्षांपूर्वी बुडालेल्या राज्याचा तो वारस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच्या शक्तीचा खरा प्रसंग तिसऱ्या खंडात येतो, आणि तो रणांगणावर घडत नाही. मोठी लढाई संपली आहे, राजधानीच्या आरोग्यशाळेत जखमी पडले आहेत. त्यांतल्या काहींना शत्रूच्या काळ्या श्वासाची बाधा झाली आहे. अंग गार पडत चालले आहे आणि वैद्यांचे उपाय थकले आहेत. तिथे सेवा करणारी एक म्हातारी जुने लोक सांगत ती गोष्ट बोलून दाखवते: खऱ्या राजाच्या हाताला गुण असतो, त्यावरूनच तो ओळखावा. अ‍ॅरागॉर्नला राजा म्हणून शहरात शिरायचे नसते, अजून ती वेळ आलेली नाही असे त्याला वाटते. तो येतो तो फक्त जखमींसाठी. आल्यावर तो एक पाला मागतो. वनौषधींचा जाणकार म्हणवणारा तिथला अधिकारी त्या पाल्याची तीन नावे सांगतो, त्याच्याबद्दलचे जुने गाणे म्हणून दाखवतो, आणि पाला मात्र साठ्यात नाही म्हणतो. शेवटी एक पोरगा धावत जाऊन सहा पाने घेऊन येतो. पानेही ताजी नाहीत. अ‍ॅरागॉर्न त्यातली दोन तळहातावर घेतो, त्यांवर फुंकर घालतो, चुरगाळतो आणि उकळत्या पाण्यात टाकतो. खोलीभर असा टवटवीत वास दरवळतो की भोवतालच्यांची मने हलकी होतात. तो रोग्याचे नाव घेऊन त्याला हाका मारत राहतो. दर हाकेसरशी त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडत जातो, जणू तो कुठेतरी दूर अंधारात जाऊन त्या माणसाला हात धरून परत आणतो आहे. रोगी डोळे उघडतो आणि समोरच्याला राजा म्हणून ओळखतो. रात्र सरता सरता शहरात बातमी पसरते की राजा आला.

याला जादू म्हणावे का? खुद्द टोल्किन यांना हा प्रश्न 1954 साली छळत होता. नेओमी मिचिसन या लेखिकेने कादंबरीची मुद्रिते वाचून त्यांना काही शंका विचारल्या होत्या. त्यांना लिहिलेल्या उत्तराच्या कच्च्या खर्ड्यात टोल्किन यांनी आपल्या जगातल्या जादूची मांडणी केली. हा भाग प्रत्यक्ष पाठवलेल्या पत्रात मात्र गेला नाही. त्यांचे म्हणणे असे: ही शक्ती ग्रंथ वाचून किंवा मंत्र घोकून मिळत नाही, ती जन्मजात असते, आणि साध्या माणसाला ती लाभूच शकत नाही. मग अ‍ॅरागॉर्नचे काय? त्याचे बरे करणे हे जादू, औषध आणि संमोहन यांचे मिश्रण मानता येईल, असे ते म्हणतात. शिवाय ही हकीकत हॉबिट नावाच्या ज्या साध्याभोळ्या लोकांनी लिहून ठेवली, त्यांना शास्त्राची फारशी जाण नव्हती, अशी पुस्तीही जोडतात. आणि शेवटी, तो निखळ माणूस नाही, त्याच्या वंशात फार मागे कुठेतरी एल्फ राजकन्येचे रक्त आहे, हे सांगतात. एकाच प्रश्नाला तीन उत्तरे देणारा लेखक स्वतःच पूर्ण निश्चिंत नसतो.

आणखी दोन प्रसंग याच जोडीला ठेवावे लागतात. ज्यांनी पूर्वी राजाला दिलेली शपथ मोडली त्यांची भुते डोंगराखाली अडकून पडली आहेत. अ‍ॅरागॉर्न त्यांना हाक घालतो आणि ती त्याच्यामागे येतात. ती येतात कारण शपथ त्याच्या पूर्वजाशी झाली होती आणि तिच्यातून मोकळे करण्याचा अधिकार एकट्या वारसाला आहे. दुसरा प्रसंग दूरदर्शी गोळ्याचा. तो गोळा हाती घेऊन अ‍ॅरागॉर्न थेट शत्रूच्या नजरेला नजर भिडवतो आणि गोळा आपल्या इच्छेकडे वळवतो. ताकद जेमतेम पुरली, असे तोच नंतर सांगतो. तसाच एक गोळा राज्याचा कारभारी डेनेथॉर हाही वापरत असतो. तो बुद्धीने कमी नाही, करारीही आहे, पण गोळ्यावर त्याचा वारसाहक्क नाही. गोळा त्याला निराशेच्या खाईत लोटतो. वस्तू त्याच जातीची, फळ दोन प्रकारचे. म्हणजे राजाची शक्ती ही त्याच्या अधिकारात मुरलेली आहे. तो अधिकार सुटा करून दुसऱ्याच्या हातात ठेवला की ती उलटते.

राजाच्या स्पर्शाने रोग बरा होतो ही कल्पना टोल्किन यांनी शून्यातून आणलेली नव्हती. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी 1924 साली या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे गंडमाळेच्या रोग्यांना हात लावून बरे करतात, अशी समजूत तिथे शतकानुशतके होती आणि त्यासाठी दरबारी सोहळे होत. 1712 साली अडीच वर्षांच्या सॅम्युअल जॉन्सनला त्याच्या आईने लंडनला नेले आणि अ‍ॅन राणीने त्याला स्पर्श केला. पुढे इंग्रजी शब्दकोश रचून अजरामर झालेल्या या माणसाच्या चेहऱ्यावर गंडमाळेचे व्रण आयुष्यभर राहिले. अ‍ॅन राणीनंतर इंग्लंडमधला हा विधी थांबला. फ्रान्समध्ये 1825 साली दहाव्या चार्ल्सने राज्याभिषेकानंतर तो शेवटचा केला. त्या काळच्या रयतेच्या लेखी हा चमत्कार राजाच्या विद्येचा नव्हता, तो राज्याभिषेकाचा आणि रक्ताचा होता.

आपल्याकडे या विचाराची पाळेमुळे आणखी खोल आहेत. सुश्रुतसंहितेत सुश्रुताला शल्यविद्या शिकवणारा गुरू म्हणजे दिवोदास धन्वंतरी, आणि तो काशीचा राजा आहे. रामायणात मात्र वाटणी वेगळी दिसते. विश्वामित्र रामाला बला आणि अतिबला या विद्या देतात, भूक, तहान आणि थकवा यांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून; ताटकावधानंतर दिव्य अस्त्रांचे मंत्रही देतात. पण लक्ष्मण मूर्च्छित पडतो तेव्हा यांतले काहीही कामाला येत नाही. राम विलाप करतो; औषध सुचवतो सुषेण, आणि डोंगरासकट ते घेऊन येतो हनुमान. रामाच्या शक्तीला वाल्मीकींनी आखलेली ही सीमा गोष्टीच्या फार उपयोगाची आहे. मारण्याची अस्त्रे हाताशी असलेला राजपुत्र भावाच्या उशाशी हतबल होतो, म्हणूनच श्रोत्याचा जीव तिथे गुंततो.

अ‍ॅरागॉर्नच्या सर्वांत जवळ जाणारा भारतीय राजा मात्र नल आहे. महाभारताच्या वनपर्वातले त्याचे आख्यान रघुनाथ पंडितांच्या काव्यामुळे मराठी रसिकांच्या चांगल्या ओळखीचे आहे. दमयंतीच्या स्वयंवराला आलेल्या इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नलाला वर दिले: हवा तिथे अग्नी, हवे तिथे पाणी, हाती घेतलेल्या फुलांना न सरणारा सुगंध, अन्नाला रुची. एवढे पदरात असूनही तो द्यूतात राज्य हरतो. वर काही त्याला वाचवत नाहीत. अंगी शिरलेला कली त्यांनी निघत नाही. कर्कोटक नाग चावून तो विद्रूप होतो आणि बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी म्हणून राहतो.

मग येतो तो प्रसंग. ऋतुपर्णाबरोबर विदर्भात आलेल्या या सारथ्याबद्दल दमयंतीला शंका येते आणि ती केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते. केशिनी बघते ते असे: ठेंगणा दरवाजा आला तरी हा वाकत नाही, चौकटच उंच होते. याने रिकाम्या घागरींकडे नुसते पाहिले तर त्या भरतात. मूठभर गवत हाती धरले की ते पेट घेते, आणि आगीने त्याचा हात भाजत नाही. याने फुले हातात घेऊन चुरगाळली तर ती कोमेजत नाहीत, उलट अधिकच घमघमतात. केशिनी त्याने शिजवलेले मांस उचलून आणते. दमयंती ते चाखते आणि तिची खात्री पटते.

चुरगाळलेली फुले आणि चुरगाळलेली पाने, दोन्हींचा दरवळ. हजारो मैलांच्या आणि कित्येक शतकांच्या अंतरावरच्या दोन लेखणींनी एकच खूण निवडली आहे. टोल्किन यांनी नलाख्यान वाचले होते असे यावरून म्हणण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टींना एकच अडचण सोडवायची होती, एवढे पुरे आहे. राज्य गेलेला, वेष पालटलेला, हलके काम करणारा माणूस हाच राजा आहे हे इतरांना कळावे कसे? मुकुट नाही, सैन्य नाही, चेहराही ओळखीचा नाही. उरतो तो हातगुण. वीर राजाची जादू ही लढाई जिंकून देण्यासाठी नसते. ती त्याची ओळख पटवण्यासाठी असते. ती प्रकट होते सेवेच्या जागी, एकाची आरोग्यशाळेत आणि दुसऱ्याची चुलीपाशी.

ज्याला जादू हवीच असते असा माणूस या गोष्टींत बहुतेकदा दुसराच कोणी असतो. वेताळपंचविशीत तो ढोंगी योगी आहे. त्याला सिद्धी हवी आहे आणि त्यासाठी विक्रम राजाचा बळी हवा आहे. चमत्कार सगळा त्या प्रेतात शिरलेल्या वेताळाचा. राजाकडे काय आहे? दिलेला शब्द, न थकणारे पाय आणि प्रत्येक कोड्याचे नेमके उत्तर. मराठी छापील ग्रंथांच्या पहिल्या पावलांतच हा राजा सोबतीला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वैजनाथशर्म्यांची सिंहासनबत्तिशी 1814 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी 1830 सालची. 1952 पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’ने पुढच्या पिढ्यांना तोच राजा दिला. चित्रकार शंकर यांनी रेखाटलेले ते चित्र अनेकांना आजही लख्ख आठवेल: खांद्यावर प्रेत, हातात नंगी तलवार, पायाखाली स्मशान आणि राजाच्या मुद्रेवर भीतीचा लवलेश नाही. सिंहासनबत्तिशीत तर शक्ती सिंहासनात आहे, आणि बत्तीस पुतळ्या भोज राजाला एकेक करून अडवतात. विक्रमाएवढे औदार्य असेल तर चढ, असे त्यांचे सांगणे.

मराठी कादंबरी सुरुवातीला वाढली तीही याच अद्भुताच्या मांडीवर. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत या अद्भुताचे समर्थन मोठ्या प्रामाणिकपणे केले आहे. आपल्या समाजातल्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे रोजच्या जगण्यात मन रमवील असे काही घडत नाही; ते तसेच लिहिले तर वाचणार कोण? म्हणून रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचा आश्रय घेणे भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तीसएक वर्षांत हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहून दाखवून दिले की राजाभोवतीचे वलय इतिहासातूनही उभे करता येते. पुढे नाथमाधवांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. ‘वीरधवल’ मध्ये त्यांनी अद्भुताला मोकळे रान दिले, आणि स्वराज्यावरच्या कादंबऱ्यांमध्ये तेच कसब शिवकाळ रंगवायला वापरले.

खुद्द शिवाजीमहाराजांना लोकांनी जादू किती सहज बहाल केली, याचा पुरावा परक्यांच्या कागदांत सापडतो. जानेवारी 1664 मध्ये महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा एस्कॅलियट नावाचा इंग्रज पाद्री तिथल्या वखारीत होता. त्याच महिन्यात त्याने सर टॉमस ब्राउन यांना पत्र लिहिले. ब्राउन हे लोकभ्रमांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहून गाजलेले विद्वान होते, हा योगही पाहण्यासारखा आहे. पत्रात तो कळवतो की अफवांनी या माणसाला वायूचे शरीर आणि वर पंख दिले आहेत. त्याशिवाय तो एकाच वेळी इतक्या ठिकाणी कसा असणार? घोडदळाचा वेग, हेरांची खबर आणि गुप्त ठेवलेला मार्ग यांचा हिशोब न लागलेल्या माणसांनी त्याचे उत्तर पंखांत शोधले.

सुरतेच्या वाटेवरची एक आठवण सुरुवातीला आलेल्या अथालपासून फार दूर नाही. खानवेलच्या पलीकडे दक्षिणेला जव्हारचा डोंगराळ मुलूख लागतो. तिथे शिरपामाळ नावाची जागा आहे. सुरतेला जाताना महाराजांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारच्या विक्रमशहांनी शिरपेच देऊन त्यांचा मान केला, अशी परंपरा तिथे सांगतात. पुढे 1672 साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले.

स्वकीयांच्या लेखनात दैवी शक्ती वेगळ्या रीतीने येते. 1694 च्या सुमारास कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. अफजलखानाच्या भेटीआधी श्रीभवानी महाराजांना दर्शन देते, यश येईल असे सांगते. पण आश्वासन मिळाल्यावर राजा स्वस्थ बसत नाही. त्याच बखरीत तो अंगरख्याखाली चिलखताची तजवीज करतो, बिचवा आणि वाघनखे लपवतो, फौजा जागोजाग पेरून ठेवतो. देवीचा कौल आणि पोलादाची जाळी, दोन्ही एकाच पानावर. त्या काळच्या लेखकाला यात विसंगती वाटली नाही. नंतरच्या दंतकथांनी देवीच्या हातून तलवार दिली आणि तयारीचा तपशील मागे सारला.

या विषयात मराठीतली सर्वांत महत्त्वाची प्रस्तावना नरहर कुरुंदकरांची. रणजित देसाई यांच्या 1968 सालच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला ती जोडलेली आहे. साधनांची छाननी करत, एकेका प्रसंगाला प्रश्न विचारत कुरुंदकरांनी तिथे माणूस म्हणून शिवाजी उभा केला. त्यामुळे महाराज लहान झाले नाहीत. आग्र्याहून 17 ऑगस्ट 1666 रोजी ते निसटले ते गुप्त होऊन नव्हे. आजारपणाचे सोंग, रोज बाहेर जाणारे मिठाईचे पेटारे आणि आधीच पाठवून दिलेली माणसे, हे सारे कळल्यावर त्या सुटकेचे नवल वाढतेच.

दमणगंगेच्या दक्षिणेकडच्या लोककथाही याच बाजूने साक्ष देतात. जव्हारच्या गादीचा मूळपुरुष जयबा मुकणे याची कथा गॅझेटियरने नोंदवली आहे. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली. होकार मिळताच कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने सबंध मुलूख वेढला. हीच युक्ती भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीच्या नावावर आहे. राज्य मंत्राने मिळाले नाही, अकलेने मिळाले. आणि तरी त्याच कथेत जयबाला राजा म्हणून पहिला आशीर्वाद मिळतो तो देवस्थानापाशी, भिक्षेकऱ्यांकडून.

या भागात मंत्र, पाला आणि फुंकर यांचा धनी राजा नसून भगत असतो. सुपात तांदळाचे दाणे टाकून तो बाधा कोणाची ते पाहतो, झाडपाला देतो, नाव घेऊन हाका घालतो. टोल्किनच्या आरोग्यशाळेतला प्रसंग वारली किंवा कोकणा म्हाताऱ्याला सांगितला तर त्याला तो परका वाटू नये. फक्त भगताचे काम राजा कसा करतो, एवढे त्याला विचारावेसे वाटेल. राजा आणि भगत ही दोन माणसे इथल्या गावगाड्याने वेगळी ठेवली, तर त्या कादंबरीने ती एका देहात आणली.

राजा देहात उतरतो तो बोहाड्याच्या रात्री. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा, दादरा-नगर हवेलीतल्या कोकणा वस्त्यांत भवाडा. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा रंगवलेला जड मुखवटा सोंग घेणाऱ्याच्या डोक्याला फडक्याने घट्ट बांधतात. रावणाच्या मुखवट्याचा पसारा तर असा की तोल सांभाळायला आधार लागतो. संबळ आणि सनई सुरू झाली की पावले तालावर पुढे-मागे पडू लागतात. गर्दी हात जोडते. दिवसा भातखाचरात राबणारा हा माणूस तेवढ्या वेळापुरता राम असतो, नरसिंह असतो. मुखवटा उतरला की तो पुन्हा गावकरी. शक्ती सोंगाची आणि सोंग गावाचे, हे तिथे प्रत्येकाला माहीत असते, आणि म्हणून भक्तीत काही उणे येत नाही.

कोकणा कथेकऱ्याची थाळीही इथे आठवते. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटे वरून खाली ओढत राहायचे. थाळीतून घुमणारा एकसुरी नाद निघतो आणि त्यावर रात्रभर कथा चालते. डाह्याभाई वाढू यांनी या परंपरेतली कुंकणा रामकथा संकलित केली. ऐकणाऱ्याला इथला राम आपल्याच रानातला वाटतो.

पुढे वाचणाऱ्याने कोणत्याही वीर राजाची गोष्ट हाती घ्यावी आणि तिला काही प्रश्न विचारावेत. शक्ती राजाची आहे की त्याच्या शेजारच्या मांत्रिकाची? आर्थर राजाच्या कथांत जादू मर्लिनची. आर्थरकडे तलवार आहे, पण तिच्या म्यानाचे मोल दसपट, कारण ते जवळ असेतो रक्त सांडत नाही, हे मर्लिनलाच सांगावे लागते, आणि आर्थर ते म्यान गमावतो. शक्ती खर्च झाल्यावर परत येते का? मृत्युंजयकारांनी रंगवलेला कर्ण अंगराज आहे, जन्मतः कवचकुंडले घेऊन आला आहे, आणि त्याचे राजेपण उजळते ते ती अंगावरून उतरवून दिल्यावर. जादू नसतानाही राजा होता येते का? अर्सुला ले ग्विन यांच्या 1972 सालच्या ‘द फार्देस्ट शोअर’ मध्ये अ‍ॅरन या राजपुत्राला मंत्रविद्येतले काही येत नाही. महामांत्रिक गेड आपली सगळी शक्ती ओतून रिता होतो, आणि त्याला आधार देत मृत्यूच्या देशातून परत आणणारा अ‍ॅरन, शेकडो वर्षे रिकाम्या पडलेल्या सिंहासनावर बसतो.

मराठीत नव्याने अद्भुत कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी हा सारा ऐवज हाताशी आहे. एल्फ आणि ड्रॅगन उसने आणण्याआधी केशिनीने पाहिलेले ते चार चमत्कार, सभासदाचे ते एक पान आणि जव्हारची ती वादी नीट पाहावी. शक्तीला सीमा कशी घालायची आणि त्या सीमेतून माणूस कसा दिसू लागतो, हे तिथे शिकता येते. गीतरामायण दर आठवड्याला घरोघर ऐकले जात होते, त्याच काळात, 20 ऑक्टोबर 1955 ला, टोल्किन यांचा तिसरा खंड प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या प्रश्नावर बरीच शाई खर्ची पडली आहे, तरी तो मिटलेला नाही.

मिचिसन यांच्यासाठी लिहिलेल्या त्या खर्ड्याच्या समासात टोल्किन यांनी स्वतःच्याच सिद्धान्ताला आडवी जाणारी एक टीप लिहून ठेवली आहे. माणसांना जादू लाभत नाही असे म्हणून झाल्यावर त्यांना आठवले की अ‍ॅरागॉर्नच्याच पूर्वजांनी तलवारी घडवताना मंत्र वापरले होते. त्यांतलेच एक पाते मेरी नावाच्या हॉबिटच्या हाती लागते आणि जो कोणाच्या हातून मरत नव्हता त्या शत्रूला घायाळ करते. टीप प्रश्नचिन्हाने संपते. राजाच्या हाताला गुण रक्ताने आला की त्याच्या वंशातल्या कोण्या लोहाराला खरोखरच मंत्र येत होता, याचा शोध घेऊ पाहणाऱ्याने त्या पात्यापासून सुरुवात करावी.